चिंध्या आणि वाकळ

(द्वितीय वर्ष कला)

पहाटे पाच वाजता आमच्या घरात पिठाच्या डब्याला टेकून एक बाई उभी असते. ती मोबाईलमध्ये असते. तिच्या पायांखाली मऊ चटई, मागे मोठी काचेची खिडकी आणि खिडकीबाहेर हिरवीगार बाग. माझ्या पायांखाली शहाबादी फरशी, मागे भांड्यांची मांडणी आणि डाव्या हाताला वाकळेत झोपलेली आजी. बाई म्हणते, उडी मारा. मी उडी मारते. मांडणीवरचा तांब्या वाजतो. आजी वाकळेतूनच विचारते, "काय पडलं गं?"

गेल्या वर्षभरात अशा पाच बाया आणि दोन बाप्ये आमच्या पिठाच्या डब्याला टेकून गेले. कुणी एकवीस दिवसांचे वचन दिले, कुणी तीस दिवसांचे, एकाने तर सात दिवसांतच पोट सपाट करण्याची हमी दिली. (आमच्या घरात कुणाचे पोट सपाट नाही, असे नाहीच! पण ते असो.) मी सगळ्यांचे थोडे थोडे ऐकले. त्याचे काय झाले आणि त्यावरून माझे मत काय झाले, ते या लेखात सांगायचे आहे.

विषय हलका वाटेल. आपल्या वार्षिकांकात कुणी ग्रामीण साहित्यावर लिहितो, कुणी लोकशाहीच्या भवितव्यावर, आणि ही मुलगी घरातल्या उड्यांवर लिहायला बसली, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. पण माझ्यापुरता हा विषय हलका नाही. मला पोलीस भरतीला उतरायचे आहे. तिथे मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक अशा तीन गोष्टी कराव्या लागतात. त्यांचे मिळून ५० गुण. त्यात टिकले तर पुढे १०० गुणांची लेखी परीक्षा. दादा मार्केट यार्डात हमाली करतात, आई रोजाने शेतात जाते. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. तेव्हा माझे दोन पाय ८०० मीटरला किती वेळ घेतात, हा आमच्या घरात सगळ्यांचाच प्रश्न आहे.

गावात तालीम आहे, पण ती मुलांची. मुलींना बंदी आहे असे कुणी म्हणत नाही, आणि आजवर एकही मुलगी आत गेलेली नाही. राहता राहिला रस्ता. पहाटे अंधारात एकटीने धावायचे तर आधी कुत्री आणि नंतर माणसे. म्हणून व्यायाम घरातच. २०२० साली शाळा मोबाईलमध्ये शिरली, तेव्हा दादांनी उसने-पासने करून आमच्यासाठी एक मोबाईल घेतला होता. मी तेव्हा आठवी-नववीत होते. शाळा पुन्हा इमारतीत गेली, मोबाईल घरात राहिला, आणि त्याच्याच वाटेने या बाया आमच्या घरात आल्या.

माझे वेळापत्रक असे होते. सोमवारी ताबाता. मंगळवारी गाण्यावरचा नाच-व्यायाम. बुधवारी पोटाचे दहा प्रकार. गुरुवारी शंभर बैठका. शुक्रवारी योगासने, शनिवारी एका माजी सैनिकाचा 'भरती स्पेशल', आणि रविवारी ज्याच्या खाली सगळ्यात जास्त लोकांनी अंगठा दाखवला असेल तो. हे वेळापत्रक मी रंगीत पेनांनी लिहून मांडणीच्या मागे चिकटवले होते. मला त्याचा फार अभिमान होता. एकाच बाईच्या मागे महिनाभर लागणाऱ्या मुली मला भोळ्या वाटायच्या. सात गुरूंचे सार काढणारी मी हुशार!

तीन महिन्यांनी माझ्या दोन्ही नडग्या दुखू लागल्या. आधी उडी मारताना, मग जिना उतरताना, शेवटी झोपेत कूस बदलताना. बारा दिवस मी लंगडत कॉलेजला आले. आमच्या जिमखान्याच्या सरांनी ते पाहिले आणि बोलावून घेतले. मला वाटले, सर पाय पाहतील. सरांनी पाय पाहिलाच नाही. त्यांनी विचारले, "गेल्या सोमवारी काय केलंस?"

मी सांगितले.

"त्याच्या आधीच्या सोमवारी?"

तेही ताबाताच, पण दुसऱ्या बाईचे. आणि त्याच्या आधीचा सोमवार मला आठवेना.

"तीन महिन्यांपूर्वी ८०० मीटरला किती वेळ लागत होता? आणि आता किती लागतो?"

मी गप्प. तीन महिने मी रोज घाम गाळला होता आणि एकदाही ८०० मीटर धावले नव्हते. सर फक्त म्हणाले, "एक वही घे." आणि पाय बरा होईपर्यंत उड्या बंद करायला सांगितल्या.

त्या रिकाम्या दिवसांत मी जे वाचले आणि विचारले, त्यातून मला एक गोष्ट उमजली. तिच्यासाठी मला जरा दूर जावे लागेल.

अमेरिकेत घरी बसून चित्रफीत लावून व्यायाम करण्याची रीत जुनी आहे. १९८२ साली जेन फोंडा या नटीची व्यायामाची चित्रफीत निघाली आणि घरोघर गेली. पुढे २००५ साली टोनी हॉर्टन या शिक्षकाचा 'पी नाइन्टी एक्स' नावाचा नव्वद दिवसांचा कार्यक्रम आला, आणि २००९ साली शॉन टी याचा 'इन्सॅनिटी' नावाचा साठ दिवसांचा. पुण्याला माझा मावसभाऊ राहतो, त्याच्या लॅपटॉपवर मी हे दोन्ही पाहिले. पहिल्यात वजने उचलणे, दांड्याला लोंबकळून वर चढणे, उड्या, कराटेसारखे हात-पाय झाडणे आणि तब्बल दीड तासाची योगासने. दुसऱ्यात साधन कोणतेच नाही, नुसते दम तोडणे. मावसभाऊ आणि त्याचे मित्र दोन्हींची मिसळ करत: याच्यातला एक दिवस, त्याच्यातला एक दिवस. असे करणारे जगभर पुष्कळ आहेत.

आता यातली गंमत पाहा. पहिल्या कार्यक्रमात तीन आठवडे झाले की चौथा आठवडा हलका असतो. दुसऱ्यात पहिला महिना संपल्यावर पूर्ण एक आठवडा सौम्य व्यायामाचा ठेवलेला आहे. ज्याने तो कार्यक्रम रचला, त्याने थकवा कुठे साठणार हे आधी धरले आणि तिथे विसाव्याची जागा सोडली. पण मिसळ करणारा माणूस काय उचलतो? दोन्हींतले जोरकस दिवस उचलतो. हलका आठवडा कुणी आवडीने उचलत नाही. मावसभावाला मी विचारले, "तुझ्या वेळापत्रकात विसाव्याचा आठवडा कुठाय?" तो म्हणाला, "अगं, तो कंटाळवाणा असतो." माझ्या रंगीत वेळापत्रकाचेही हेच झाले होते. सात गुरूंपैकी प्रत्येकाने आपापल्या शिष्यांना कधी ना कधी थांबायला सांगितलेच असणार. पण मी प्रत्येकाकडे आठवड्यातून एकदाच जात होते, आणि थांबण्याच्या दिवशी नेमकी दुसऱ्याच्या दारात उभी असायची.

दुसरी गोष्ट वाढीची. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करणारे डॉ. थॉमस डेलॉर्म नावाचे अमेरिकन डॉक्टर होते. दुबळ्या झालेल्या पायांना वजन देऊन, ते वजन मोजून आणि पायरीपायरीने वाढवत नेऊन ताकद आणायची, अशी पद्धत त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केली. आजचे सगळे शक्तीचे व्यायाम याच विचारावर उभे आहेत. शरीराला कालच्यापेक्षा किंचित जास्त मागावे लागते. पण काल काय मागितले हेच माहीत नसेल, तर आज किंचित जास्त म्हणजे किती? दर आठवड्याला बाई बदलली की दर आठवड्याला पहिली इयत्ता. मी तीन महिन्यांत सात शाळांच्या पहिल्या इयत्तेत बसून आले होते.

आणि ताबाताचे काय? जपानी शास्त्रज्ञ इझुमी ताबाता यांचा तो प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद विश्रांती, असे सात-आठ वेळा. तो प्रयोग सायकलीच्या यंत्रावर केलेला होता आणि त्यातले जोर तोलूनमापून ठरवलेले होते. आमच्या मांडणीपुढे आजीची झोप सांभाळून मी ज्या उड्या मारत होते, त्यांना ताबाता म्हणायचे ते केवळ घड्याळाच्या काट्यापुरते.

हे सगळे मी माझ्या मैत्रिणीला सांगितले. ती आमच्याच वर्गात, आणि तिच्या मोबाईलमध्ये माझ्यापेक्षा जास्त बाया आहेत. तिला भरतीचे काही नाही. तिला हालचाल हवी, घरच्या कटकटीतून अर्धा तास सुटका हवी. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" ती माझ्यापेक्षा हजरजबाबी आहे. म्हणाली, "वाकळ कशाची असते गं? चिंध्यांचीच ना? मग थंडीत तुझी आजी काय पांघरते?"

मला उत्तर सुचले नाही. दोन दिवस तो प्रश्न डोक्यात होता. मग आजीलाच विचारले, वाकळ शिवताना आधी काय घेतेस? आजी म्हणाली, "आधी अस्तर. जुनं लुगडं खाली आखडून आथरायचं. मग तुकडं लावायचं. अस्तर नसलं तर तुकड्यास्नी धरणार कोण?" मैत्रिणीला अर्थात मी हे उत्तर दुसऱ्या दिवशी ऐकवले. ती हसली आणि तिचे नाच-व्यायाम चालूच आहेत. मला आता वाटते की तिच्यापुरते तिचे बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस तरी स्नायूंना जोर द्यावा. त्यात कोणती बाई, किती बाया, याचा उल्लेख नाही. ज्याला नुसते निरोगी राहायचे आहे त्याने खुशाल मिसळ करावी. कंटाळून सोडून देण्यापेक्षा मिसळ कितीतरी बरी. माझा वाद मैत्रिणीशी नाही. ज्याला ठरावीक दिवशी, ठरावीक मैदानावर, ठरावीक अंतर पळायचे आहे आणि तरी जो रोज नवा व्हिडिओ उघडतो, त्याच्याशी आहे. म्हणजे माझ्या स्वतःशीच.

पण मग एकालाच चिकटून राहावे, असा सरळ निकाल देऊन मला सुटता येत नाही. त्याचे कारण माझ्या घरातच आहे.

आई गेली वीस वर्षे एकच व्यायाम करते. सकाळी हापशावरून डोक्यावर एक आणि कडेवर एक असे दोन हंडे, तीन खेपा. मग दिवसभर वाकून खुरपणी. संध्याकाळी जळणाचा भारा. खाडा नाही, बदल नाही. निष्ठेलाच बक्षीस असते, तर माझ्या आईसारखी बलवान बाई तालुक्यात सापडली नसती. प्रत्यक्षात तिची कंबर गेली आहे आणि एक खांदा खाली आला आहे. पहाटे मी उड्या मारते तेव्हा ती म्हणते, "रिकाम्या उड्या मारण्यापरास एक खेप तरी आण." मला पूर्वी राग यायचा. आता मी एक खेप आणते आणि मग उड्या मारते, कारण तिच्या बोलण्यात खोट नाही. पण तिच्या हंड्यात आणि माझ्या व्यायामात फरक काय, याचा मी पुष्कळ विचार केला. तिचा हंडा तिने ठरवलेला नाही. ती थकली म्हणून तो लहान होत नाही, आणि चौथ्या आठवड्याला विसावा देणारा तिचा कुणी टोनी हॉर्टन नाही. म्हणून कुणी नुसते 'सातत्य, सातत्य' म्हणू लागले की मला आईचा खांदा दिसतो. एकच गोष्ट धरून ठेवायची तर ती धरण्याजोगी आहे का, हे आधी पाहिले पाहिजे.

आणि मोबाईलमधले बहुतेक कार्यक्रम माझ्यासाठी रचलेलेच नाहीत. ते वजन उतरवण्यासाठी आहेत. 'चरबी जाळा' हा त्यांचा घोष. आमच्या कॉलेजात आरोग्य तपासणी झाली तेव्हा माझे हिमोग्लोबिन ९.४ निघाले. बाईमाणसाला ते निदान १२ हवे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळले, तेव्हा मी काही वेगळी नव्हे. पण रक्तात प्राणवायू वाहून नेणारेच कमी असेल तर ८०० मीटरला दम कुठून पुरणार? सात गुरूंपैकी एकानेही मला हे विचारले नाही. ते तरी कसे विचारतील. त्यांना मी दिसतच नाही. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्यांनी आणि जेवल्यावर लगेच चहा पिणे सोडल्याने माझ्या धावण्याला जेवढा आधार मिळाला, तेवढा एकाही व्हिडिओने दिलेला नाही, असे मी खात्रीने म्हणते.

आमच्या भागात एकनिष्ठेचे मोठे उदाहरण औंधचे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत, त्यांनी ते संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना लावले आणि त्यावर पुस्तकही लिहिले. संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण 'नमस्कार घाला, दुसरे काही नको' असे सांगणारी म्हातारी माणसे आमच्याकडे अजून भेटतात. मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण नुसत्या नमस्काराने गोळा लांब जात नाही. गोळ्याला गोळाच फेकावा लागतो.

मग भरतीसाठी मिसळ लागणारच की! आठशेला दम, शंभरला वेग, गोळ्याला ताकद. तीन वेगळ्या गोष्टी. इथे अमेरिकेतल्या रॉबर्ट हिक्सन यांचा १९८० सालचा एक प्रयोग फार बोलका आहे. त्यांनी दहा आठवडे तीन गट केले. एकाने नुसते ताकदीचे व्यायाम केले, दुसऱ्याने नुसते दमाचे, तिसऱ्याने दोन्ही पूर्ण जोराने. सुरुवातीचे काही आठवडे तिसऱ्या गटाची ताकद पहिल्यासारखीच वाढली. पुढे ती थांबली, आणि शेवटी शेवटी उतरली. दम मात्र कमी झाला नाही. मी यातून असे समजले की मिसळीला मनाई नाही, पण दोन्ही ताटे काठोकाठ भरून घेतली तर एक सांडते. किती घ्यायचे हे कुणीतरी एकाने, सगळे ताट समोर ठेवून, ठरवायला हवे. सात बायांपैकी प्रत्येकीला फक्त आपली वाटी दिसत होती.

माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर आमच्याकडच्या प्रत्येक धावणाऱ्या मुलीला माहीत आहेत. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या लागोपाठ पहिल्या आल्या होत्या. २०१४ साली त्या ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या, त्याच वर्षी आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावून दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्या १९८४ सालच्या शर्यतीनंतर ऑलिंपिकमध्ये धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेल्या त्या पहिल्याच भारतीय महिला. मैत्रीण म्हणते, बघ, त्यांनीही बदलले! बदलले हे खरेच. पण सोमवारी मॅरेथॉन आणि मंगळवारी स्टीपलचेस असे नव्हे. एक वाट सोडली आणि दुसरी धरली. बदलणे आणि मिसळणे या दोन गोष्टी आपण उगीच एक समजतो.

सध्या माझे असे चालले आहे. सरांनी आठ आठवड्यांचे एक पान लिहून दिले. आठवड्यातून तीन दिवस कॉलेजच्या मैदानावर पळणे, दोन दिवस घरी जोर, बैठका आणि पाठीचे व्यायाम, एक दिवस गोळा, एक दिवस काहीच नाही. चौथा आठवडा निम्मा. यात नवे काही नाही; सरांनीच सांगितले की हे त्यांना त्यांच्या सरांनी लिहून दिले होते. पहिल्या दिवशी मला ८०० मीटरला ४ मिनिटे ६ सेकंद लागले. वहीत तो आकडा लिहिताना लाज वाटली. सहाव्या आठवड्याला ३ मिनिटे ३८ सेकंद. पूर्ण गुण मिळायला हे अजून पुष्कळ कमी आहे. आणि खरे सांगते, कंटाळा येतो. मंगळवार आला की तीच बैठक, तेच जोर, तोच आकडा एकाने जास्त. नाच-व्यायामाची आठवण होते. कधी कधी शनिवारी संध्याकाळी एखादे गाणे लावून मी नाचतेसुद्धा. सरांना हे माहीत नाही. हा अंक निघाला की कळेल.

परवा धाकट्या भावाने मोबाईल पुढे केला. "ताई, हे बघ, दहा दिवसांत वेग दुप्पट." पाहिला मी तो व्हिडिओ, खोटे कशाला बोलू. माणूस फार छान पळत होता. मग वही काढली. उद्याच्या पानावर सरांच्या अक्षरात लिहिले आहे: ४०० मीटर, चार वेळा, मध्ये तीन मिनिटे चालणे. भावाला म्हटले, घड्याळ धरायला सकाळी माझ्याबरोबर मैदानावर ये. तो म्हणतो, सहाच्या आधी उठणार नाही.